खंडेनवमीचा रेडिओ

मंठाळचा रामकिशन मिस्त्री फरशीशी बोलतो, असं त्याच्या हाताखालून गेलेले लोक सांगत. खरं म्हणजे बोलायची ती फरशी, तो ऐकायचा. खोलीभर फरशी बसवून झाली, खालचा सिमेंटचा माल घट्ट धरला, की थापीची लाकडी मूठ फरशीवर टकटक वाजवत तो भिंतीपासून भिंतीपर्यंत उकिडवाच सरकायचा. पक्की बसलेली फरशी एका आवाजात उत्तर देते, खाली पोकळी राहिलेली दुसऱ्या. त्याला फरक कळला की तो खडूनं फुली मारून पुढं व्हायचा. फुली मारलेली फरशी उचलली, की खाली पोळीएवढी जागा कोरडी सापडायची. घरमालक चकित व्हायचे. रामकिशन मात्र पाणी मागायचा, कारण उकिडवं सरकून त्याला तहान लागलेली असायची.

वडलांची जमीन भावाभावांत वाटून झाल्यावर त्याच्या वाट्याला जेवढी आली, तेवढीत त्याचं मन रमलं नाही. ती त्यानं थोरल्या भावाला करायला दिली आणि ऐन तारुण्यात हैदराबादची वाट धरली. तिथं स्लॅब, मग वीटकाम, मग प्लास्टर, शेवटी फरशी. परतला तेव्हा हातात कला होती आणि तोंडात हैदराबादी 'नक्को' आणि 'हौ'. बायको केली ती औराद तालुक्यातल्या चिंताकीची, सत्यभामा. माहेरी तिच्या कानावर तेलुगू पडलेलं, सासरी मराठी, बाजारात कन्नड. पहिल्या वर्षी ती तिन्ही भाषांत गप्पच असायची. मग नवऱ्याच्या कामावर घमेली वाहायला लागली आणि तिन्ही भाषांत एकदमच बोलायला शिकली.

आता सत्यभामाबाईच्या गुडघ्यांना घमेलं सोसत नव्हतं. ती नवऱ्याबरोबर कामावर जायची ती भिंतींना पाणी मारायला. नळीचं तोंड अंगठ्यानं दाबायचं आणि ताज्या प्लास्टरवर फवारा धरायचा, सकाळी एकदा आणि उन्हं उतरल्यावर एकदा. मधल्या वेळात सगळ्यांच्या भाकरीकडं लक्ष, आणि नवऱ्याकडं.

रेडिओ आणला तो मुलानं. पप्पू पुण्याला एका इंटिरियरवाल्याकडं कामाला होता. गेल्या वर्षी दिवाळीला येताना त्यानं बापासाठी बॅटरीवर चालणारं ड्रिल मशीन आणलं आणि त्याच बॅटरीवर चालणारा रेडिओ. पिवळा-काळा ठोकळा, चारी बाजूंनी जाड रबराचे दांडे, वर धरायला कडी. पप्पूनं तो ओट्यावरून खाली अंगणात टाकून दाखवला. रेडिओ वाजतच राहिला.

"कामावरचाच असतोय हा," पप्पू म्हणाला. "धूळ-बीळ काय करत न्हाई याला. पावसाचे शिंतोडे उडाले तरी चालतंय."

हे वाक्य सत्यभामाबाईनं ऐकलं. त्यानंतर पप्पूनं बापाला जे सांगितलं ते तिनं ऐकलं नाही, कारण चुलीवर तेल तापलं होतं.

पप्पूनं जे जे सांगितलं ते रामकिशननं लग्नातल्या भटजीचंही ऐकलं नसेल इतक्या मनापासून पाळलं. बॅटरी उन्हात, तापल्या स्लॅबवर ठेवायची नाही. तो ती गमछ्यात गुंडाळून पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवायचा. चार्जिंगची शेवटची रेघ राहिली की बॅटरी काढून चार्जरला लावायची, पार निपचित पडेपर्यंत वाट बघायची नाही. काम संपलं की बॅटरी रेडिओतून काढूनच पिशवीत. आवाजाच्या जाळीत सिमेंट बसलं तर रंगाऱ्याच्या मऊ ब्रशनं झटकायचं. बॅटरीचे पितळी दात आठवड्याला कोरड्या फडक्यानं पुसायचे. कोरड्याच. मोबाईल लावायच्या खणाचं रबरी झाकण कायम बंद. शेजारच्या साईटवरचे गवंडी बघायला यायचे तेव्हा तो त्यांना रेडिओला हात लावू द्यायचा, बटणाला नाही.

कोणतं स्टेशन लावायचं याचाही त्यानं कायदा करून टाकला होता. सकाळी मराठी, कारण मिस्त्री मराठी. उन्हं चढली की कन्नड, कारण जोडीदार विरुपाक्ष आणि बहुतेक मजूर कन्नड. जेवणानंतर हिंदी गाणी, कारण जेवणानंतर सगळ्यांनाच झोप येते आणि हिंदीवर भांडण होत नाही. ड्रिलची बॅटरी संपली आणि रेडिओची काढून तिकडं लावावी लागली, की काम चालायचं, पण हात जड व्हायचे. मजुरीला आलेली सुधारानी तर सरळ सांगायची, "गाणं न्हाई तर घमेलं दुप्पट वजनाचं व्हतंय."

पावसाळ्याच्या तोंडाला सत्यभामाबाईच्या लक्षात आलं, की रेडिओचा आवाज दिवसेंदिवस मोठा व्हायला लागला आहे.

त्या वेळी त्यांचं काम बसवकल्याणला, नव्या वसाहतीत नरहररावांच्या घराचं चाललं होतं. नरहरराव शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले. पैसे त्यांचे, पण घर त्यांच्या बायकोचं, शारदाबाईंचं; रोज सकाळी भाड्याच्या घरातून चालत यायच्या आणि प्रत्येक खिडकीत उभं राहून बघायच्या. त्यांनीच एकदा कानावर हात ठेवून म्हटलं, "मिस्त्री, अहो जरा हळू. शेजारच्यांनी अजून आमचं तोंडसुद्धा पाहिलं नाही, आणि तक्रार आधी यायची."

रामकिशननं लगेच आवाज कमी केला. पण त्या दिवसापासून त्याला सवय लागली. कुणी आलं, कुणी वर मान करून बघितलं, की तो आधीच विचारायचा, "आवाज लई होतोय का? कमी करू?" समोरच्यानं मान हलवली की बटण फिरवायचा. लोकांना वाटायचं, मिस्त्री किती समजूतदार. सत्यभामाबाईला वाटलं नाही. ज्या माणसानं सकाळी मराठी म्हणजे मराठी असा दंडक घातला होता, त्याच्या समोर विरुपाक्ष सकाळी-सकाळी कन्नड लावून गेला आणि तो काही बोलला नाही, तेव्हा तिला काय ते कळलं.

मग तिनं घरी त्याच्या पाठीमागं उभं राहून हळू हाक मारून बघितली. मग जरा मोठ्यानं. मग तिनं हाक मारणं सोडून दिलं आणि समोर जाऊनच बोलायला लागली.

हैदराबादपासून आजपर्यंत फरशी कापायच्या मशीनशेजारी तो बसला होता. कानात कापूस घालायला कुणी सांगितलं तर हसायचा. "कान बंद करून मिस्त्री कसा व्हायचा?"

ऐकू कमी येतं, यात सत्यभामाबाईला फार काही वाटलं नसतं. म्हातारपणी काही ना काही कमी होतंच. तिचा जीव टांगला होता तो परांचीला. नरहररावांच्या घराच्या वरच्या मजल्याला बाहेरून प्लास्टर चाललं होतं आणि बांबूच्या परांचीवर, टोकाच्या फळीवर, रामकिशनच चढायचा. बाहेरची भिंत मिस्त्रीनं स्वतः करायची, हा त्याचा नियम. परांचीवरचा माणूस डोळ्यानं भिंत बघतो. खालचं, मागचं आणि डोक्यावरचं सगळं त्याला कानानं बघावं लागतं. श्रावणात एकदा वरची फळी बांधणीतून सटकली. सुधारानी किंचाळली, "अण्णा, फळीऽऽ!" तो थापी फिरवतच राहिला. फळी त्याच्या मागून खाली गेली आणि वाळूत उभी रुतली.

घरी आल्यावर सत्यभामाबाई म्हणाली, "तुमाला ऐकू आलं न्हाई."

"आलं की."

"मग सरकलाव कामून न्हाई?"

"सरकलो असतो तर फळीखालीच आलो असतो," तो म्हणाला आणि भाकरी मोडली.

उत्तर बिनचूक होतं. खाली उतरा म्हणावं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण चारचौघांत गेलं की मिस्त्रीला मिस्त्री कोण म्हणणार? फरशी ठोकून ऐकणाऱ्या माणसाला ऐकू येत नाही, हे कळल्यावर त्याला कोण काम सांगणार? म्हणून ती गप्प बसली आणि नळी घेऊन परांचीच्या खालीच उभी राहायला लागली. तिच्या मते हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

नवरात्र आलं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. त्यात या वर्षी थोरल्या भावाची सोयाबीनची रास नेमकी त्याच दिवशी निघाली, मळणीयंत्र मिळालं होतं, म्हणून रामकिशन पहाटेच शेताकडं गेला. जाताना म्हणाला, "तू धुऊन मांडून ठेव सगळं. मी येऊन नारळ फोडतो."

सत्यभामाबाईनं अंगणात नळाखाली सगळी हत्यारं काढली. थाप्या, ओळंबा, गुरमाळे, फावडी, घमेली. वर्षभराचा वाळलेला माल विटकरीनं घासून काढला. ड्रिलला तिनं पाणी लावलं नाही. त्यात करंट असतो हे तिला माहीत होतं. ते ओल्या फडक्यानं लांबूनच पुसलं. रेडिओची तिला भीती वाटली नाही. रेडिओत काय, गाणीच असतात. शिवाय पावसाचे शिंतोडे चालतात, असं पप्पूच म्हणाला होता. तरी ती सावध बाई होती. आधी बॅटरी काढून वेगळी ठेवली. बॅटरी काढली म्हणजे आतली वीज गेली. मग आवाजाच्या जाळीत बसलेलं सिमेंट तिला दिसलं. नारळाच्या शेंडीवर कपड्याची पावडर घेऊन तिनं जाळी घासली आणि वरून दोन तांबे ओतले. पांढरं पाणी बराच वेळ निघत राहिलं. तिला बरं वाटलं. पुरुषांनी पुसलेली वस्तू कधी स्वच्छ होत नाही, हे तिचं जुनं मत होतं.

उन्हात वाळवून सगळी हत्यारं पाटावर मांडली. आता कुंकू. पूजेतल्या प्रत्येक वस्तूला कपाळ शोधावं लागतं. थापीला पातं, फावड्याला दांड्याची मान, रेडिओला वरची कडी. बॅटरीला कपाळ कुठं, याचा तिनं जरा विचार केला आणि पितळी दात दिसले तिथं ओलं हळदीकुंकू लावलं. झेंडूचं फूल ठेवलं, लिंबू चिरून अर्धं रेडिओवर, अर्धं बॅटरीवर पालथं घातलं.

संध्याकाळी रामकिशन आला, अंगावर सोयाबीनचा भुसा. आंघोळ करून त्यानं नारळ फोडला, हात जोडले. रेडिओ नवा दिसत होता. त्यानं कौतुकानं बघितलं, पण हात लावला नाही. पूजेला बसवलेल्या हत्याराला दसरा उलटेपर्यंत हात लावत नाहीत, म्हणून तो चालू करून बघायचा प्रश्नच आला नाही.

दसरा करून माणसं कामावर आली. विरुपाक्षनं खिशातली बन्नीची, म्हणजे शमीची, पानं काढून रामकिशनच्या हातावर ठेवली आणि पायाला हात लावला. "बंगारदंग इरोणु, अण्णा." सोन्यासारखं राहू या. रामकिशननं त्याला जवळ घेतलं. सुधारानीनं पानांच्या बदल्यात पेढा मागितला. सत्यभामाबाईनं नळी नळाला जोडली.

रामकिशन परांचीवर चढला. रेडिओ वर ओढून घेतला, कडी बांबूच्या खुंटीला अडकवली, पिशवीतून बॅटरी काढून खालून सरकवली. बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, आकडे उमटले. त्यानं स्टेशन लावलं, आवाजाचं बटण नेहमीच्या जागेपर्यंत फिरवलं आणि भिंतीकडं वळला.

रेडिओ वाजला नाही.

खालच्या सगळ्यांनी वर बघितलं. सुधारानीला वाटलं, मिस्त्री काहीतरी करत आहेत, लागेल आता. मिस्त्री काहीच करत नव्हते. पाटीतला माल भिंतीवर मारत होते आणि मान जरा जरा हलत होती, गाणं चालू असताना हलायची तशी.

इतक्यात शारदाबाई आल्या. दसऱ्याची साडी होती. वाळूतून निऱ्या सांभाळत त्यांनी वर बघितलं. रामकिशनला खाली हालचाल दिसली. तो फळीवरून वाकला.

"अम्मा, आवाज लई होतोय का? कमी करू?"

शारदाबाईंनी आजूबाजूला बघितलं. "कसला आवाज, मिस्त्री?"

त्याला त्यांचे ओठ हललेले दिसले. त्यानं हात लांब करून बटण मागं फिरवलं. "आता? आता बरं हाय न्हवं?"

सुधारानी फिसकन हसली. "अण्णा सकाळी सकाळी मस्करी करायलेत बघा!"

"ए," विरुपाक्ष तिला म्हणाला. एवढंच. मग त्यानं वर तोंड केलं, हात उंच धरून अंगठा दाखवला. "बरोबर हाय, अण्णा!"

रामकिशन समाधानानं भिंतीकडं वळला.

शारदाबाई काही विचारणार तोच विरुपाक्ष खालच्या आवाजात म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, अम्मा. मोठ्या माणसाचा मान हाय." खाली आवाज लहान करायची काही गरज नव्हती, पण त्यानं केला.

सत्यभामाबाईच्या हातातल्या नळीचं पाणी तिच्याच पायांवर पडत होतं. तिनं अंगठा पुन्हा दाबला. धुतलेली जाळी, ओतलेले तांबे तिच्या डोळ्यांपुढं आले आणि गेले. त्याच्यापेक्षा दुसरंच तिला लागलं होतं. ती विरुपाक्षजवळ गेली.

"तुमाला ठावं हाय?"

"कवापासनं, अक्का." तो माल कालवत होता, त्यानं मान वर केली नाही. "अण्णा फरशी ठोकून गेले की मागनं मी ठोकतो. फुली माराय लागली तर मी मारतो. त्यांस्नी वाटतंय त्यांचीच हाय."

"आन् बोललाव न्हाई."

"तुमी तरी कुठं बोललाव, अक्का?"

सुधारानी आता घमेलं भरता भरता गुणगुणायला लागली होती. रेडिओवर सकाळी जे लागतं तसलंच काहीतरी, भक्तिगीताच्या चालीचं. वरून बघणाऱ्याला तिचे ओठ हलताना दिसावेत इतपत. पोरगी मनानं वाईट नव्हती. सगळं छान चाललं होतं. वर एक माणूस बंद रेडिओच्या तालावर काम करत होता आणि खाली सगळे त्याला साथ देत होते.

सत्यभामाबाई परत परांचीखाली येऊन उभी राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं, की तिनं एकटीनं हे झाकून ठेवलं आहे. आता दिसत होतं, की झाकणारे पुष्कळ आहेत. सांगणारं कुणीच नाही. सगळ्यांना त्याच्याबद्दल आदर होता. त्या आदरापायी तो एक दिवस खाली येणार होता.

माल संपला. सुधारानीनं बादली भरली, दोर चाकावरून ओढायला लागली. बादली वर जायला लागली. नेहमी खालून "अण्णा, धरा!" अशी हाक जायची आणि बादली दिसली की वरून हात यायचा. आजही हाक गेली. हात आला नाही. तो टोकाचा कोपरा ओळंब्यात बघत होता, पाठ इकडं. बादली फळीच्या वर गेली, गिरकी घेतली आणि त्याच्या खांद्याला ओझरती लागून परतली. तो अर्धा पाय सरकला. एक हात बांबूला गेला, सावरला. वळून बघितलं, बादली दिसली. "ओरडत जा की गं!" तो खाली रागावला.

सुधारानीनं दोर आवळून धरला होता. ओरडली होती, हे ती सांगू शकत नव्हती.

सत्यभामाबाईनं नळ बंद केला. परांचीचा बांबू दोन्ही हातांनी धरला आणि हलवला. हादरा वरपर्यंत गेला. रामकिशननं खाली बघितलं. तिनं हातानं खूण केली, खाली या.

तो उतरला. "काय गं? कोण आलंय व्हय?"

ती त्याच्या समोर उभी राहिली, तोंड दिसेल अशी. सगळे बघत होते. शारदाबाई खिडकीतून बघत होत्या. लग्नापासून आजपर्यंत कामावर ती त्याच्याशी माणसांदेखत मान वर करून बोलली नव्हती.

"रेडिओ बंद हाय," ती म्हणाली. "सकाळपासनं बंद हाय. मी खंडेनवमीला धुतला. पाणी गेलंय आत. दिवा लागतोय, आवाज येईना."

त्यानं वर टांगलेल्या रेडिओकडं बघितलं. मग विरुपाक्षकडं, सुधारानीकडं. विरुपाक्षनं खोरं हातात धरलं होतं, पण कालवत नव्हता.

"मग कुणी बोललं कामून न्हाई?"

शारदाबाई म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्ही विचारलंत, आणि मग..." आणि थांबल्या. तसंही त्याला ते ऐकू गेलं नव्हतं.

"तूबी?" तो विरुपाक्षला म्हणाला.

विरुपाक्षनं मान खाली घातली.

रामकिशन परांचीवर चढला. सगळ्यांना वाटलं, आता कामाला लागणार. तो रेडिओ घेऊन खाली आला. वाळूच्या ढिगावर बसला, बॅटरी काढली, उन्हाकडं धरून बघितली. पितळी दातांत कुंकू घट्ट बसलं होतं. त्यावर लिंबाच्या रसानं हिरवट डाग धरायला सुरुवात झाली होती. त्यानं ते सदऱ्याच्या कडेनं खरवडलं.

आणि मग तो बायकोवर ओरडला. "कोरडं फडकं! पप्पू बोंबलून सांगत व्हता, कोरडं फडकं! आन् हे काय? बॅटरीला कुंकू? बॅटरी काय सवाष्ण हाय व्हय? जाळी कशानं घासलीस? शेंडीनं? भांडं हाय काय गं ते?" त्याचा आवाज इतका मोठा होता की रस्त्यानं जाणारा सायकलवाला थांबला. रेडिओबद्दल जितकं बोलता येण्यासारखं होतं तितकं सगळं तो बोलला. माणसं जरा मोकळी झाली. नवरा-बायकोचं भांडण सगळ्यांच्या ओळखीचं असतं. सुधारानीनं घमेलं उचललं.

सत्यभामाबाई ऐकून घेत राहिली. तो थांबला तेव्हा म्हणाली, "चुकलं. पुन्ना न्हाई धुणार."

"मग सर बाजूला." तो उठला आणि परांचीकडं निघाला.

ती आधीच बांबूला पाठ लावून उभी होती. "वर विरुपाक्ष जाईल."

"काय?"

तिनं पुन्हा सांगितलं, सावकाश. ओठ दिसू देऊन.

"मिस्त्री कोण हाय इथं?"

"तुमीच हाव. खाली ऱ्हावून."

"खाली ऱ्हावून मजूर असतंय, मिस्त्री न्हाई."

"मग मजूर व्हा," ती म्हणाली. "मजूर जित्ता असतंय."

विरुपाक्ष मध्ये पडला, "अक्का, जाऊ द्या, आजचा दिवस..." तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. "तू गप. तुझ्या अंगठ्यानं जीव गेला असता त्यांचा."

शारदाबाई आतून बाहेर आल्या. त्यांनी दोघांकडं बघितलं आणि चहा ठेवायला सांगते म्हणून परत आत गेल्या. आत स्वयंपाकघराला अजून ओटाही नव्हता.

रामकिशननं गमछा खांद्यावर टाकला आणि पाण्याच्या टाकीच्या पलीकडं जाऊन बसला. जेवणाची वेळ झाली तेव्हा सत्यभामाबाईनं भाकरी सोडली, त्याच्यासमोर ठेवली. त्यानं खाल्ली. नेहमीएवढीच खाल्ली. ती त्याच्या तोंडाकडं बघत होती, तो भिंतीकडं. कोपऱ्याचं प्लास्टर अर्धं झालं होतं आणि अर्धं राहिलं होतं. उन्हात अर्धं तसंच सोडलं तर सांधा दिसणार, हे तिलाही कळत होतं.

हात धुऊन तो उठला. वाळूत ठेवलेला ओळंबा उचलला आणि विरुपाक्षच्या हातात दिला.

"कोपरा धर," तो म्हणाला. "सांधा दिसला तर उतरवीन तुला."

विरुपाक्षनं ओळंबा घेतला, आधी कपाळाला लावला, मग चढला.

तिसऱ्या प्रहरी काम फारसं नीट झालं नाही. रामकिशन खालून सूचना ओरडत होता, सगळ्या वसाहतीला ऐकू जातील अशा. विरुपाक्ष वरून उत्तर द्यायचा ते त्याला कळायचं नाही, मग तो आणखी ओरडायचा. शेवटी विरुपाक्षनं बोलणंच सोडलं. फळीवरून वाकून हातानं दाखवायचा, एवढं? रामकिशन खालून हातानं दाखवायचा, कमी. एकदा दोघांचंही चुकलं आणि माल दोनदा खरवडावा लागला. रामकिशननं शिव्या दिल्या त्या मात्र विरुपाक्षला वर नीट ऐकू गेल्या. सुधारानी बादली ओढताना हाक मारायची, वरून लगेच हात यायचा. तिला ते इतकं विचित्र वाटलं की पहिल्यांदा तिनं दोर सोडलाच नाही.

मंठाळला जाणाऱ्या गाडीत तो खिडकीकडं तोंड करून बसला. सत्यभामाबाईच्या मांडीवर रेडिओ होता. शारदाबाईंनी बसवकल्याणच्या एका दुरुस्तीवाल्याचं नाव सांगितलं होतं. म्हणाल्या होत्या, आतला स्पीकर बदलला की होईल. रामकिशननं काही विचारलं नव्हतं, म्हणून तिनंही सांगितलं नव्हतं. तो तिच्याशी आठवडाभर तरी बोलणार नाही, असा तिचा अंदाज होता. मागं एकदा त्यानं असाच अबोला धरला होता.

घरी येऊन तिनं चूल पेटवली. तो ओट्यावर बसला. पप्पूचा फोन आला. दसऱ्याला आला नव्हता म्हणून करत होता. रामकिशननं फोन घेतला, कानाला लावला, हा कान, मग तो कान. पलीकडून पप्पू बोलत होता, बोलतच होता. रामकिशन "हां, हां" म्हणाला. मग थांबला.

"ए," त्यानं स्वयंपाकघराकडं हाक मारली. "हिकडं ये. हे धर."

ती हात पुसत आली. त्यानं फोन तिच्याकडं दिला.

"तूच बोल. मला काय बोलायलाय ते कळंना." तो उठून तिच्या समोर येऊन बसला, तिचं तोंड दिसेल असा. "आन् काय म्हणतोय ते मला सांग. आधी त्याला सांग, बापाला ऐकू येईना म्हणून. बाहेरचं प्लास्टर विरुपाक्ष करायलाय."

तिनं फोन कानाला लावला आणि पप्पूला ते तसंच्या तसं सांगितलं. रामकिशन तिच्या ओठांकडं बघत वाट बघत राहिला.